व्हिडिओ चालत नाही, पण संगणक बिघडलेला नाही : लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटला. पूर्वी वाचक ‘लिनक्स म्हणजे काय’ असे विचारत (विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली म्हणजे लिनक्स; उबंटू, मिंट, झुबंटू हे तिचे प्रकार). आता ‘लिनक्स टाकून झाले, यावर अमुक कसे चालवायचे’ असे विचारतात. या वेळी निवडलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख सॉफ्टवेअर कुठून आणावे आणि चित्रफिती, डीव्हीडी, गाणी चालण्यासाठी वेगळे काय टाकावे लागते, यांवर आहे. एक खुलासा आधीच केलेला बरा. उत्तरांतील कमांड, म्हणजे संगणकाला टंकून द्यायचे हुकूम, येथे देवनागरीत छापल्या आहेत, पण टर्मिनलमध्ये, म्हणजे असे हुकूम टंकण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकाव्या लागतात. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ ही चार अक्षरे. ‘एपीटी’ म्हणजे ए, पी, टी ही तीन; सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या प्रोग्रामचे ते नाव.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१३ सालचा आहे. भाच्याने त्यावर उबंटू २४.०४ टाकून दिले. पत्रलेखन, इंटरनेट सारे व्यवस्थित चालते. मात्र नातीच्या बारशाचे जे व्हिडिओ सुनेने आयफोनवर घेऊन पेनड्राइव्हवर दिले, ते उघडताच ‘एमपेग-४ एएसी डिकोडर आणि एच.२६५ डिकोडर आवश्यक आहेत, पण ते इन्स्टॉल केलेले नाहीत’ अशा अर्थाची सूचना येते. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप बदलण्याचा सल्ला दिला आहे. खरेच बदलावा लागेल का?
– निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : लॅपटॉप बदलू नये. आपल्याला आलेली सूचना बिघाडाची नाही. उबंटूच्या मूळ संचात एक गोष्ट मुद्दाम ठेवलेली नाही, एवढेच ती सांगते.

व्हिडिओची फाइल हा एक डबा असतो. एमपी४ किंवा एमओव्ही हे डब्याचे नाव झाले. आत चित्र एका पद्धतीने आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने दाबून भरलेला असतो. ज्या पद्धतीने तो भरतात आणि पुन्हा उलगडतात, तिला कोडेक म्हणतात. म्हणूनच दोन फाइलींच्या नावापुढे एमपी४ असूनही त्यांतील एक चालते आणि दुसरी चालत नाही, असे घडू शकते. आपल्या फाइलींत चित्र एच.२६५ पद्धतीने, जिला एचईव्हीसी असेही म्हणतात, आणि आवाज एएसी पद्धतीने भरलेला आहे. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, जागा वाचवण्यासाठी हीच पद्धत वापरत आलेला आहे.

यांपैकी अनेक पद्धतींवर निरनिराळ्या कंपन्यांची पेटंटे आहेत. ज्या देशांत सॉफ्टवेअरवरील पेटंटे मान्य आहेत, तेथे असे कोडेक वाटणाऱ्याकडे शुल्क मागितले जाऊ शकते, आणि जगभर फुकट वाटली जाणारी प्रणाली प्रत्येक प्रतीमागे शुल्क भरू शकत नाही. म्हणून उबंटू हे कोडेक सोबत देत नाही, तर मागाहून एका वेगळ्या कप्प्यातून घेण्याची सोय ठेवते. एमपी३ चेही एके काळी असेच होते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने त्याचा परवाना-कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी बंद केला आणि तो प्रश्न मिटला. सिस्कोने २०१३ मध्ये एच.२६४ साठी निराळी वाट काढली : ओपनएच२६४ नावाचा कोडेक खुला करून, त्याच्या तयार प्रतींचे शुल्क स्वतः भरण्याची जबाबदारी कंपनीने घेतली. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार संगणक-प्रोग्रामला निव्वळ प्रोग्राम म्हणून पेटंट मिळत नाही. याचा अर्थ भारतात या विषयावर खटलेच होत नाहीत असा कोणी घेऊ नये. डीव्हीडी प्लेयर या उपकरणाशी निगडित पेटंटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फिलिप्सच्या बाजूने निकाल दिलेला आहे.

आता कृतीकडे वळू. उबंटू टाकतानाच ‘अधिक माध्यम-प्रकारांसाठी आधार उतरवून घ्या’ अशा अर्थाची एक चौकट येते. भाच्याने त्या वेळी इंटरनेट जोडले नसावे किंवा चौकटीत खूण करायची राहिली असावी. हरकत नाही. इंटरनेट जोडून टर्मिनल उघडावे आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल उबंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’ ही कमांड द्यावी. शब्दांमध्ये मोकळी जागा आणि शेवटच्या नावात आडव्या रेघा जशा छापल्या आहेत तशाच ठेवाव्यात. पासवर्ड विचारला जाईल. तो टंकताना पडद्यावर अक्षर दिसत नाही, टिंबही दिसत नाही. कीबोर्ड बंद पडला असे समजून अनेकजण येथेच थांबतात. आपण थांबू नये, पासवर्ड पूर्ण टंकून एंटर दाबावे. पुढे परवान्याची एक चौकट येते, तिच्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे, ते आधी वाचून घ्यावे.

शेजारी किंवा भाचा कदाचित म्हणेल की ‘नुसते व्हीएलसी टाका, चालेल’. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. लिनक्सवर चित्रफिती उलगडणाऱ्या दोन मोठ्या व्यवस्था आहेत. उबंटूचा ‘व्हिडिओज’ हा प्लेयर आणि गाण्यांसाठीचा रिदमबॉक्स हे जीस्ट्रीमर नावाच्या व्यवस्थेवर चालतात; व्हीएलसी, आणि लिनक्स मिंटमध्ये सोबत येणारा सेल्युलॉइड, हे एफएफएमपेगच्या आधारावर चालतात. एकाच संगणकावर एकच फाइल एका प्लेयरमध्ये चालते आणि दुसऱ्यात अडते, याचे कारण हेच आहे. व्हीएलसीत फाइल उघडून ‘टूल्स’ यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ पाहिल्यास डब्यात नेमके काय भरले आहे, तेही वाचता येते.

एवढे करूनही आपल्या बाबतीत एक अडचण उरेल, ती आधीच सांगतो. २०१३ च्या लॅपटॉपमधील प्रोसेसरला एच.२६५ उलगडण्यासाठी स्वतंत्र मंडल (सर्किट) नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत ते पूर्ण स्वरूपात २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आले. त्यामुळे सगळे काम प्रोसेसरच्या सर्वसाधारण ताकदीवर पडेल, पंखा जोराने फिरू लागेल आणि फोर-के व्हिडिओ असल्यास आवाज सुरळीत येऊन चित्र मात्र अडखळेल. यावर कोडेक पुन्हा पुन्हा टाकणे हा उपाय नाही. हँडब्रेक नावाचा प्रोग्राम घेऊन त्यातील ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार पर्याय निवडावा आणि व्हिडिओ एच.२६४ मध्ये बदलून घ्यावेत. रूपांतराला वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवणे सोयीचे. पुढच्या वेळेसाठी सुनेला आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तेथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायला सांगावे. मग मुळातच हा प्रश्न येणार नाही.

प्रश्न : वर ज्याचा उल्लेख केला जातो तेच ‘रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ मी टाकत होतो. मध्येच टर्मिनलमध्ये इंग्रजी मजकुराने भरलेली एक रंगीत चौकट आली. तळाशी ‘ओके’ लिहिलेले दिसत होते, पण माउसने कितीही दाबले तरी काही होईना. अर्धा तास वाट पाहून टर्मिनल बंद केले. तेव्हापासून काहीही टाकायला गेलो की ‘लॉक मिळू शकले नाही’ असे येते. एका मित्राने लॉकची फाइलच पुसून टाकायला सांगितली आहे. पुसू का?
– किराणा व्यावसायिक, म्हापसा

उत्तर : पुसू नका. कारण समजून घेतले तर मित्राचा उपाय का टाळायचा, तेही समजेल.

ती चौकट मायक्रोसॉफ्टच्या टंकांच्या, म्हणजे फाँटच्या, परवान्याची होती. एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्दाना, जॉर्जिया असे काही टंक मायक्रोसॉफ्टने १९९६ पासून इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले होते. २००२ मध्ये कंपनीने आपल्या संकेतस्थळावरून ते काढून घेतले, परंतु आधीच्या परवान्यानुसार मूळ फाइली जशाच्या तशा वाटण्याची मुभा राहिली. म्हणून उबंटू ते टंक स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात ठेवत नाही, तर आपल्या संगणकावर त्या मूळ फाइली उतरवून तेथेच उघडते, आणि त्याआधी परवाना मान्य आहे का, असे विचारते. टर्मिनलमधील त्या चौकटीला माउस कळत नाही. टॅबचे बटण एकदा दाबले की ‘ओके’ उजळते, मग एंटर दाबायचे; पुढच्या चौकटीत टॅबने किंवा बाणाच्या बटणाने ‘येस’वर जाऊन पुन्हा एंटर. या एका टॅबपायी किती जणांनी लिनक्स सोडले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण या सदराकडे त्याविषयीची पत्रे नेमाने येतात. आणि मराठी वाचकांसाठी जाताजाता : त्या टंकसंचात देवनागरीचा एकही टंक नाही. ‘मंगल’ त्यातून मिळत नाही. मंगलमध्ये तयार केलेले पत्र लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यास संगणकावरील दुसरा देवनागरी टंक वापरला जातो, त्यामुळे मजकूर नीट वाचता येतो पण ओळी थोड्या सरकतात.

आता लॉकविषयी. उबंटूमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत लिहू शकतो. लिहिताना तो आतून कडी लावतो. लॉक म्हणजे ती कडी. आपण खिडकी बंद केलीत तरी चौकट मांडून बसलेली प्रक्रिया पडद्याआड तशीच थांबून राहिली असावी आणि कडी तिच्याच हातात असावी. अशा वेळी कडीच उखडून दोन प्रोग्राम नोंदवहीत एकदम लिहू लागले, तर कोणते पॅकेज (सॉफ्टवेअरचा तयार संच) पूर्ण आणि कोणते अर्धे याचा मेळ राहत नाही, आणि तो निस्तरणे आजच्या अडचणीपेक्षा कितीतरी कठीण असते.

पुढीलप्रमाणे करा. संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करा. सुरू झाल्या झाल्या दहा-पंधरा मिनिटे टर्मिनलला हात लावू नका, कारण उबंटू त्या वेळी सुरक्षा-सुधारणा स्वतःहून उतरवत असते आणि तेव्हाही हीच लॉकची सूचना येते. ती केवळ थांबण्याची सूचना असते. नंतर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही कमांड द्या. ‘कॉन्फिगर’च्या आधी दोन आडव्या रेघा आणि ‘ए’च्या आधी एक आहे, हे नीट पाहा. अर्धवट राहिलेली पॅकेजे ती पूर्ण करते. परवान्याची चौकट पुन्हा आली तर आता टॅब आपल्याला माहीत आहे. त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि सर्वात शेवटी मूळची कमांड पुन्हा एकदा. टंकण्याऐवजी कुठून तरी चिकटवणार असाल तर टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि व्ही पुरत नाही, सोबत शिफ्टही दाबावे लागते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. लिनक्स मिंट वापरायला सुरुवात केली. व्हीएलसी आणि क्रोम या दोन्हींच्या ईएक्सई फाइली उतरवल्या, पण दोनदा क्लिक करून काही तरी भलतेच उघडते. शिवाय वसतिगृहातील एक वरिष्ठ विद्यार्थी म्हणतो, की भांडारातील सॉफ्टवेअर जुने असते, म्हणून प्रत्येकासाठी पीपीए जोडावा. त्याचे बरोबर आहे का?
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ईएक्सई ही विंडोजसाठी बांधलेली फाइल आहे, त्यामुळे ती मिंटवर थेट चालणार नाही. वाइन नावाच्या सोयीने काही विंडोज प्रोग्राम चालवता येतात. पण व्हीएलसी किंवा क्रोम लिनक्ससाठी स्वतंत्रपणे उपलब्ध असताना त्यांच्यासाठी वाइन वापरणे म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागवण्यासारखे आहे.

विंडोज वापरताना आपल्या सर्वांना एक सवय जडली : प्रोग्रामचे नाव शोधायचे, पहिल्या दिसलेल्या संकेतस्थळावरचे मोठे हिरवे बटण दाबायचे, आणि जे येईल ते ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत टाकायचे. मिंटवर ही सवय मोडावी लागते. येथे ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडून नाव शोधायचे आणि ‘इन्स्टॉल’ दाबायचे. त्यामागे जे भांडार असते, ज्याला रिपॉझिटरी म्हणतात, त्यातील पॅकेजे उबंटू, डेबियन आणि मिंट या प्रकल्पांतील माणसांनी बांधलेली असतात आणि त्यांच्या याद्यांवर डिजिटल स्वाक्षरी असते. आपला संगणक ती स्वाक्षरी जुळल्याशिवाय पॅकेज घेत नाही. एखाद्या प्रोग्रामला आणखी चार घटक लागत असतील तर तेही आपोआप येतात, आणि पुढे सुधारणा आल्या की ‘अपडेट मॅनेजर’ सगळ्यांच्या एकत्र आणतो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनने घडवलेली ही रीत आहे, आणि मोबाइलवरील ॲप-दुकानांची आज जी सवय झाली आहे, तिच्याहून ती बरीच जुनी आहे.

क्रोम मात्र मिंटच्या भांडारात नाही, कारण ते खुले सॉफ्टवेअर नाही. त्यासाठी गुगलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून डेब प्रकारची फाइल घ्यावी. दोनदा क्लिक केल्यावर ती नीट बसते, आणि सोबत गुगलचे भांडारही जोडून टाकते, म्हणजे पुढील सुधारणा अपडेट मॅनेजरमधूनच येतात. क्रोमियम, म्हणजे क्रोमचा खुला भाऊबंद, चालणार असेल तर एवढेही करावे लागत नाही. तो मिंट स्वतः बांधून देते.

आता आपल्या वरिष्ठ मित्राचा मुद्दा. भांडारातील आवृत्ती जुनी असते, हे खरे आहे. मिंट २२ हे जुलै २०२४ मध्ये आले. ते उबंटू २४.०४ वर उभे आहे आणि २०२९ पर्यंत त्याला आधार मिळणार आहे. या काळात बहुतेक प्रोग्रामांच्या आवृत्त्या गोठलेल्या राहतात आणि त्यांत मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. रोजच्या कामाला हे गैरसोयीचे नसून सोयीचेच आहे, असे माझे मत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रोग्रामचा चेहरामोहरा बदललेला कोणाला हवा असतो? पीपीए हे लाँचपॅड या व्यासपीठावर कोणालाही उघडता येणारे खासगी भांडार असते. ते एकदा जोडले की त्यातील पॅकेज आपल्या संगणकावर सर्वाधिकारासह बसते. चालवणारा जाणकार आणि प्रामाणिक असेल तर उत्तम. त्याने ते वाऱ्यावर सोडले तर पुढच्या मोठ्या अपग्रेडच्या वेळी तेच पायात येते. एखादा पीपीए खरोखर लागलाच, तर आधी ‘टाइमशिफ्ट’ने प्रणालीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा त्या स्थितीला परतता येईल अशी नोंद, घेऊन ठेवावा.

आणि अधिकृत संकेतस्थळावरही डोळे मिटून विश्वास टाकू नये, हा धडा खुद्द मिंटने घेतलेला आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीचा दुवा मागचे दार ठेवलेल्या बनावट प्रतीकडे वळवला गेला. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी ते स्वतः जाहीर केले. त्या दिवशी ज्यांनी उतरवलेल्या फाइलीची खूणगाठ, म्हणजे चेकसम, ताडून पाहिली, त्यांना फसवणूक लगेच कळू शकत होती. नवी आयएसओ फाइल, म्हणजे प्रणाली टाकण्यासाठीची पूर्ण प्रत, उतरवल्यावर ‘एसएचए२५६सम’ चालवून येणारी लांबलचक अक्षरमाला संकेतस्थळावरील अक्षरमालेशी जुळवावी, आणि त्या यादीची स्वाक्षरीही पडताळावी, कारण घुसखोर यादीही बदलू शकतो.

प्रश्न : मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये गिम्प हा छायाचित्र-संपादनाचा प्रोग्राम शोधला असता ‘सिस्टीम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ असे दोन पर्याय दिसले. फ्लॅटपॅक निवडले, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा दिवसाचा डेटाच संपला. दोन्हींत फरक काय, आणि मी कोणता घ्यावा?
– छायाचित्रकार, नाशिक

उत्तर : सिस्टीम पॅकेज संगणकावर आधीपासून असलेले सामायिक घटक वापरते, म्हणून ते लहान असते. फ्लॅटपॅक आपली शिदोरी बांधून येतो. त्याला लागणारे घटक ‘रनटाइम’ नावाच्या मोठ्या गाठोड्यात येतात, आणि पहिला फ्लॅटपॅक टाकताना हे गाठोडे उतरवावे लागत असल्याने आपला डेटा संपला. तेच रनटाइम वापरणारा दुसरा प्रोग्राम घेताना एवढा खर्च येत नाही.

मोबदल्यात गिम्पची ताजी आवृत्ती मिळते, आणि प्रोग्राम काहीसा कुंपणात राहतो. या कुंपणाचा कधी त्रासही होतो : पेनड्राइव्हवरील फोल्डर प्रोग्रामला दिसत नाही आणि वापरणारा पेनड्राइव्हला दोष देतो. दुसरी बाब आपल्या छायाचित्रणाच्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे. आपण मिंटमध्ये कोडेकचा गट टाकला असेल, तरी तो फ्लॅटपॅकच्या उपयोगाचा नाही. फ्लॅटपॅक स्वतःचे कोडेक स्वतःच्या रनटाइममधून घेतो. व्हिडिओ संपादनाचा फ्लॅटपॅक एखादी फाइल उघडत नसेल, तर मिंटचे कोडेक पुन्हा पुन्हा टाकून काही हाती लागणार नाही.

मिंटने फ्लॅटपॅकचा आधार १८.३ आवृत्तीपासून, २०१७ मध्ये, सोबत द्यायला सुरुवात केली. फ्लॅटहब हे त्यांचे मुख्य भांडार. मूळ निर्मात्यांनी किंवा त्यांच्या संमतीने ठेवलेले प्रोग्राम तेथे ‘व्हेरिफाइड’ म्हणून दाखवले जातात, आणि मिंट २२ पासून बाकीचे मुळात लपवलेलेच असतात. ते दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे; गरज पडल्याशिवाय ती वापरू नये. माझी स्वतःची पद्धत अशी, की सिस्टीम पॅकेज असेल आणि ते काम भागवत असेल तर तेच घ्यायचे, आणि नवी आवृत्ती खरोखर हवी असेल अशा दोन-तीन प्रोग्रामांपुरताच फ्लॅटपॅक. आपल्याला गिम्पची जुनी आवृत्ती चालत असेल, तर हॉटस्पॉटवर असताना सिस्टीम पॅकेजच घ्या.

याच जातकुळीतला तिसरा प्रकार म्हणजे उबंटूचे स्नॅप. मिंटने २०२० च्या २० व्या आवृत्तीपासून तो मुद्दाम बंद ठेवला आहे. उबंटू २०.०४ मध्ये एपीटीने क्रोमियम मागितला तरी वापरणाऱ्याला न विचारता मागच्या दाराने स्नॅप येत असे, हा मिंटचा आक्षेप होता, आणि मला तो रास्त वाटतो.

प्रश्न : भारतातून येताना आणलेल्या मराठी नाटकांच्या डीव्हीडी झुबंटूवर चालत नाहीत. घरी काढलेल्या समारंभांच्या डीव्हीडी मात्र चालतात. कोडेक सारे टाकले आहेत. काय राहिले असेल?
– गृहिणी, न्यू जर्सी

उत्तर : घरच्या डीव्हीडी चालतात, यावरून ड्राइव्ह आणि कोडेक दोन्ही ठीक आहेत हे सिद्ध होते. विकतच्या बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कुलूप असते, आणि ते उघडणारी ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी नेहमीच्या कोडेकांच्या गटात नसते. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिबडीव्हीडी-पीकेजी’ ही कमांड द्यावी आणि त्यानंतर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी’ ही दुसरी. दुसरी कमांड विसरल्यामुळे ‘सगळे टाकले तरी चालत नाही’ अशी तक्रार येते. पहिल्या कमांडने केवळ निरोप्या येतो. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन प्रकल्पाकडून मूळ संहिता आणून ती आपल्याच संगणकावर बांधण्याचे काम दुसरीने होते.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर कायद्यासाठी. १९९९ मध्ये नॉर्वेच्या यॉन लेक योहानसन या किशोरवयीन मुलाचे नाव हे कुलूप उघडणाऱ्या डीसीएसएस या प्रोग्रामशी जोडले गेले आणि त्याच्यावर खटला झाला. २००३ मध्ये दोन्ही न्यायालयांत तो निर्दोष सुटला. अमेरिकेत मात्र १९९८ चा डीएमसीए हा कायदा असे कुलूप उघडण्यासच मनाई करतो, डीव्हीडी स्वतः विकत घेतलेली असली तरी. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याविषयी बोलते. आपण अमेरिकेत राहता, तेव्हा हा भाग जाणून आपला निर्णय आपण घ्यावा.

डीव्हीडीला प्रदेशाचे बंधनही असू शकते. भारत पाचव्या प्रदेशात आणि अमेरिका पहिल्या प्रदेशात मोडते. वेष्टनावर ‘५’ असा आकडा असलेल्या पृथ्वीगोलाचे चिन्ह आहे का, ते पाहावे. ड्राइव्हचा प्रदेश सामान्यतः पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्या बदलानंतर तो कायमचा ठरतो, म्हणून गंमत म्हणून बदलून पाहू नये.

प्रश्न : कोडेक टाकूनही फायरफॉक्समध्ये ओटीटीवरील मालिका चालत नाहीत. यूट्यूब चालते.
– बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : हा कोडेकचा प्रश्न नाही. त्या सेवा चित्राला वाइडवाइन नावाच्या यंत्रणेचे संरक्षण देतात. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘डीआरएम-नियंत्रित मजकूर चालवा’ अशा अर्थाचा पर्याय आहे. त्यावर खूण केली की फायरफॉक्स आवश्यक तो भाग स्वतः उतरवून घेतो. मिनिटभर थांबून पान पुन्हा उघडावे. काही सेवा लिनक्सवर चित्राची स्पष्टता कमी ठेवतात, आणि त्यावर वापरणाऱ्याच्या हाती उपाय नाही.

प्रश्न : मिंटवर मराठी टंकण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर उतरवावे?
– ग्रंथपाल, परभणी

उत्तर : कोणतेही नाही. ‘कीबोर्ड’ हे सेटिंग उघडून ‘लेआउट्स’मध्ये मराठी जोडावे. इनस्क्रिप्टची सवय असेल तर सुधारित इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी उच्चारानुसार टंकत असाल तर ‘कगप’ हा ध्वन्यात्मक आराखडा घ्यावा. कोपऱ्यातील झेंड्यावर किंवा अक्षरांवर क्लिक करून भाषा बदलते. ग्रंथालयाच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्व टंकांत असतील, तर त्या इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारख्या दिसतील. त्यांसाठी तोच टंक संगणकावर टाकावा लागेल किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागेल. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे असलेली पाने आधी तपासावीत. चुका बहुधा तेथेच सापडतात.